डार्सीच्या खिशात मोबाइल ठेवण्यापूर्वी

माझी पहिली पटकथा एका प्रश्नात मेली. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीचं आजच्या काळातलं रूपांतर होतं ते; ॲन आणि वेंटवर्थ ठरलेलं लग्न मोडल्यावर आठ वर्षांनी पुन्हा भेटतात, ती गोष्ट. कॅप्टन वेंटवर्थला मी मालवाहू जहाजावर चढवला होता, ॲन इलियटच्या उधळ्या वडिलांच्या डोक्यावर क्रेडिट कार्डांचं कर्ज ठेवलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. पहिलं वाचन ठरलं. वेंटवर्थचे संवाद वाचणाऱ्या नटाने पाचव्या पानावर मान वर केली आणि अगदी निरागसपणे विचारलं, “याने हिला आठ वर्षांत एक मेसेजही का नाही केला?” मी म्हणाले, समुद्रात रेंज नसते. सगळे हसले. निर्मात्याने चहा मागवला. निर्माते मध्येच चहा मागवतात तेव्हा विषय संपलेला असतो.

त्यानंतर मी लिहिण्यापेक्षा इतरांचे ड्राफ्ट वाचून त्यांवर शेरे मारण्याचं कामच जास्त केलं. रीजन्सी काळातली प्रेमकथा आजच्या काळात आणणारे ड्राफ्ट नेमाने येत राहतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं जिथे माझं खात होतं. बग्गीची मोटार झालेली असते, नाचाच्या बॉलची पार्टी झालेली असते, पत्राचा ईमेल झालेला असतो. पण ही दोन माणसं एकमेकांशी सरळ बोलून मोकळी का होत नाहीत, याचं उत्तर मात्र १८१३ सालातच राहून गेलेलं असतं.

आज असं रूपांतर हातात आलं तर मी काय करते, ते सांगते.

सिनेमा बाजूला, पुस्तक हातात

रीजन्सी म्हणजे इंग्लंडातला १८११ ते १८२० हा काळ. राजा तिसरा जॉर्ज आजारी, आणि त्याच्या वतीने मुलगा कारभार बघतोय. ऑस्टिनच्या सहाही पूर्ण कादंबऱ्या १८११ ते १८१७ या सात वर्षांत छापून आल्या, त्यातल्या शेवटच्या दोन तिच्या मृत्यूनंतर. या पुस्तकांवर आज कोणाची मालकी नाही. त्यांच्यावर निघालेल्या सिनेमांवर आणि मालिकांवर मात्र आहे, आणि गोची इथेच होते, कारण आपल्या डोक्यात पुस्तक कमी आणि सिनेमा जास्त असतो.

एकाने मला ड्राफ्ट पाठवला. त्यात ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी जलतरण तलावातून ओल्या सदऱ्यासकट बाहेर येतो आणि पुढे भर पावसात मागणी घालतो. मी विचारलं, हे कुठून घेतलं? तो म्हणाला, कादंबरीतून. ओला सदरा कादंबरीत नाही, तो बीबीसीच्या १९९५ च्या मालिकेतला. पाऊसही नाही, तो २००५ च्या सिनेमातला. पुस्तकात डार्सी पहिली मागणी घालतो ती हन्सफर्डच्या पाद्र्याच्या घरात, चार भिंतींच्या आत. नायिका एलिझाबेथ डोकं दुखतंय म्हणून घरी थांबलेली असते आणि हा येऊन खोलीत येरझाऱ्या घालतो. म्हणजे नकळत दुसऱ्याचा माल उचलला जातो, आणि पुस्तकातली अवघडलेली, बंद खोली हातची जाते. माझ्या मते ती खोली पावसापेक्षा कितीतरी चांगली आहे. पावसात माणूस नाट्यमय दिसतो. दुसऱ्याच्या बैठकीत, त्याच्याच खुर्च्यांमधून वाट काढत फिरणारा माणूस हास्यास्पदही दिसतो, आणि डार्सीला तेव्हा नेमकं तसंच दिसायला हवं.

तेव्हा आधी पुस्तक, तेही दोनदा. पहिल्यांदा मजेसाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

पैशाची वही

दुसऱ्या वाचनात मी एका वहीत फक्त पैसे टिपते. ऑस्टिन या बाबतीत मुनीमासारखी चोख आहे. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाच्या इस्टेटीचं २,०००, पण ती इस्टेट पुरुष वारसाकडेच जाईल असं कागदोपत्री बांधलेलं आहे आणि घरात पाचही मुली. म्हणजे वडील गेले की घर कॉलिन्स या नातलगाचं. एलिझाबेथच्या वाट्याला काय येणार, हे तो कॉलिन्सच तिला मागणी घालताना ऐकवतो: चार टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड, तेही आईच्या पश्चात. वर्षाचे ४० पौंड झाले. १०,००० आणि ४०. अडीचशे पट अंतर आहे, आणि ही मुलगी पलीकडच्या माणसाला तोंडावर नाही म्हणते. त्या नकाराची उंची या दोन आकड्यांशिवाय कळत नाही.

हे पौंड आजच्या पैशात किती होतील, असला हिशेब करत बसू नका. अंतर आणा. ड्राफ्टांमध्ये हमखास दिसणारी चूक अशी: डार्सी यशस्वी वकील, एलिझाबेथ स्वतःचा स्टुडिओ असलेली छायाचित्रकार, दोघांचे फ्लॅट एकाच दर्जाचे. मग ती नाही म्हणते तेव्हा तिचं काय जातं? एक संध्याकाळ. गुरिंदर चढ्ढाच्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (२००४) डार्सी अमेरिकेतल्या हॉटेलमालक घराण्याचा आणि ललिता अमृतसरची. तिथे पैशाच्या अंतराला देशाचं अंतर जोडलेलं आहे, त्यामुळे गर्व नि पूर्वग्रह या दोन्ही शब्दांना काम मिळतं. सिनेमा मला सगळा आवडत नाही, पण हा निर्णय पक्का आहे.

काही प्रसंगांना तर हात लावायचीही गरज नसते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं दुसरं प्रकरण काढा. जॉन डॅशवुडने मरणाऱ्या बापाला शब्द दिलाय की सावत्र आई नि बहिणींची काळजी घेईन. मनात ठरवलंय, बहिणींना मिळून ३,००० पौंड द्यायचे. त्याची बायको फॅनी बोलायला लागते. ३,००० चे दर बहिणीला ५०० होतात, मग आईला वर्षाला १००, मग अधूनमधून ५० ची भेट, आणि शेवटी सामान हलवायला मदत नि हंगामात थोडे मासे, थोडी शिकार. भांडण नाही, आवाज चढत नाही. प्रत्येक पायरीवर नवऱ्याला आपण उदारच आहोत असं वाटत राहतं. हा प्रसंग कोणत्याही शतकात, कुठल्याही स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता होऊ शकतो. तसाच उतरवा. आकडे बदला, पायऱ्या बदलू नका.

अडसर

जुन्या दाराला आतून आडवा लाकडी दांडा टाकतात, तो अडसर. प्रत्येक रीजन्सी प्रेमकथेत असा एक असतो, आणि रूपांतर म्हणजे मुख्यतः तो शोधून त्याच्या जागी आजचा, तितकाच जड दांडा टाकणं.

वहीच्या दुसऱ्या बाजूला मी प्रत्येक वळणापुढे एकच प्रश्न लिहिते: इथे यांना काय करता येत नाही, आणि का? उत्तरं अशी निघतात. अविवाहित मुलीने पुरुषाला पत्र लिहिलं म्हणजे दोघांचं ठरलेलं असणार, असं लोक धरून चालत. म्हणून ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तली मॅरिअ‍ॅन विलबी या तरुणाला पत्रं पाठवते हे दिसताच तिच्या बहिणीला, एलिनॉरला, वाटतं, साखरपुडा झालाय. मेसेजवरून आज कोणी असा निष्कर्ष काढेल? मग आज काय दिसलं की सख्खी बहीण ठाम समजून चालेल? घराची किल्ली? एकाच पत्त्यावर येणारं वीजबिल? ‘एमा’मधली जेन फेअरफॅक्स पावसात भिजत स्वतः टपाल आणायला जाते आणि सगळे तिच्या प्रकृतीची चिंता करत बसतात. फ्रँक चर्चिलशी तिचं गुप्तपणे ठरलंय आणि त्याची पत्रं दुसऱ्या कोणाच्या हाती पडू द्यायची नाहीत, हे वाचकाला फार पुढे कळतं. आज हाच इशारा देणारं माणूस म्हणजे जेवताना फोन पालथा ठेवणारं. तेवढं पुरे. त्यावर संवाद लिहू नका.

सगळ्यात जड अडसर ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तल्या एडवर्ड फेरर्सचा. चार वर्षांपूर्वी, पोरवयात, त्याने लूसी स्टीलला गुपचूप शब्द दिला. आता प्रेम एलिनॉरवर आहे, पण शब्द मोडता येत नाही, कारण त्या काळी पुरुषाने ठरलेलं लग्न मोडलं तर त्याची अब्रू जायचीच, वर मुलगी वचनभंगाचा दावाही लावू शकायची. आजचा प्रेक्षक म्हणेल, ब्रेकअप कर की बाबा. राजीव मेनन यांच्या, याच कादंबरीवरच्या ‘कंडुकोंडैन कंडुकोंडैन’ (२०००) या तमिळ सिनेमाने इथे सरळ लूसीची वाटच सोडली. तिथला मनोहर आधी स्वतःचा सिनेमा दिग्दर्शित करायचा, मग लग्न, असं म्हणतो. अडसर त्याने स्वतःच घातलेला. चालतं, पण मग एडवर्डचं ते घुसमटलेलं सभ्यपण उरत नाही.

मला लूसी ठेवायची असेल तर मी पुस्तकात परत जाते. एडवर्ड तिला भेटला तो तिच्या नातलगाच्या घरी शिकायला राहिला असताना. इथे दोरा मिळतो. समजा, आईने हात आखडता घेतल्यावर याच्या शिक्षणाचा सगळा भार लूसीच्या घरच्यांनी उचलला, लिखापढी न करता. आता तो मोडू शकतो, कायदा आडवा येत नाही. पण मोडला तर तो कोण ठरतो? प्रेक्षक स्वतःला त्याच्या जागी ठेवून क्षणभर गप्प बसला, की दांडा नीट बसलाय असं समजा.

लिडियाचं काय करायचं

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आजच्या काळात आणणारा प्रत्येक जण इथे अडकतो.

पुस्तकात एलिझाबेथची सोळा वर्षांची धाकटी बहीण लिडिया ब्रायटनहून विकम या भामट्याबरोबर पळते. आधी वाटतं, ग्रेटना ग्रीनला गेले असतील. इंग्लंडात १७५३ च्या कायद्यामुळे एकविसाच्या आतल्यांना घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करता येत नसे, म्हणून सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमध्ये. मग कळतं की तिकडे गेलेच नाहीत, लंडनमध्ये लग्नाशिवाय राहताहेत. कॉलिन्स वडिलांना सांत्वनाचं पत्र लिहितो की यापेक्षा मुलगी मेली असती तरी बरं. एका मुलीच्या वागण्याने पाचही जणींचे दरवाजे बंद होणार आहेत. आज तरुण मुलगी मित्राबरोबर आठवडाभर लंडनला गेली तर बहिणींची लग्नं अडत नाहीत. मग काय?

मी तीन गोष्टी तपासते. संकटाचे शिंतोडे घरातल्या सगळ्यांवर उडायला हवेत. घड्याळ चालू हवं. आणि ते थांबवण्यासाठी डार्सीला काहीतरी महाग पडणारं आणि गुपचूप करता यायला हवं. तिसरी सगळ्यात जास्त विसरली जाते. पुस्तकात डार्सी विकमचं हजाराहून जास्त पौंडांचं कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी १,००० लावतो, विकमला सैन्यातली अधिकाऱ्याची जागा विकत घेऊन देतो, आणि ज्या माणसाने आपल्या बहिणीला फसवायचा प्रयत्न केला त्याच्या लग्नाला जाऊन उभा राहतो. पैशापेक्षा ते उभं राहणं महाग आहे.

‘द लिझी बेनेट डायरीज’ या यूट्यूबवरच्या मालिकेने (एप्रिल २०१२ ते मार्च २०१३, मुख्य भाग १००) याचं उत्तर काढलं ते माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं. विकम दोघांचं खासगी चित्रण वेबसाइटवर विकायला काढतो. तारीख जाहीर होते, उलटी मोजणी सुरू. डार्सी ज्या कंपनीच्या हाती ती वेबसाइट आहे ती कंपनीच विकत घेतो आणि कोणाला सांगत नाही. तिन्ही गोष्टी बसल्या. शिवाय त्यांनी लिडियाला तिचे स्वतःचे व्हिडिओ दिले, त्यामुळे ती कशी एकटी पडत गेली हे आपण आधीपासून बघत असतो. हे फार महत्त्वाचं. ऑस्टिनची लिडिया शेवटपर्यंत खिदळतच राहते आणि कादंबरीत ते चालतं. आजच्या पडद्यावर तिच्या अपमानाचा उपयोग फक्त थोरल्या बहिणीचं प्रेम जुळवण्यापुरता केलात, तर प्रेक्षक तुमच्यावर चिडेल, आणि बरोबर करेल.

हेलन फील्डिंगने ‘ब्रिजेट जोन्स’च्या पुस्तकात (१९९६) आणखी वेगळी युक्ती केली. तिथे भामट्याच्या नादी लागते ती नायिकेची धाकटी बहीण नाही, आई. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिशीतल्या बाईला जगापुढे मान खाली घालायला लावण्याची ताकद बहिणीत उरली नाही, आईत आहे, हे तिने नेमकं हेरलं.

आणि गुपित फुटतं कसं, तेही पुस्तकातूनच उचला. डार्सी लग्नाला होता हे लिडियाच बोलून जाते, ‘अरे, सांगायचं नव्हतं’ अशा थाटात. मग एलिझाबेथ मामीला पत्र टाकून पूर्ण हकीकत काढून घेते. ज्या मुलीमुळे घर बुडत होतं तिच्याच फाटक्या तोंडामुळे नायकाचा चांगुलपणा उघड होतो. याहून नेटकी जुळणी तुम्हाला सुचणार नाही. मला तर नाहीच सुचली.

वस्तू नव्हे, वस्तूचं काम

एमी हेकरलिंगचा ‘एमा’वर बेतलेला ‘क्लूलेस’ (१९९५) तुम्ही पाहिला असेलच. आता ‘एमा’ शेजारी ठेवून पाहा, थांबवत थांबवत. एमाचं घर हार्टफील्ड नाही, तिचं गाव हायबरी नाही, बेव्हर्ली हिल्सची शाळा. पण बघा: एमा तिच्या मैत्रिणीचं, हॅरिएटचं, चित्र काढते, गावचा पाद्री एल्टन ते कौतुकाने घेऊन जातो, आणि एमाला वाटतं त्याचा जीव हॅरिएटवर जडलाय, जडलेला असतो चित्र काढणारीवर. सिनेमात शेर (म्हणजे एमा) टायचा (म्हणजे हॅरिएटचा) फोटो काढते आणि एल्टन तो लॉकरमध्ये लावतो. बग्गीतली नकोशी मागणी मोटारीत येते. हॅरिएट एल्टनची आठवण म्हणून जपलेला चिकटपट्टीचा तुकडा नि पेन्सिलीचं थोटूक आगीत टाकते. टायही तिचा खजिना शेकोटीपाशी घेऊन येते. प्रत्येक वस्तू कथेत कुठलंतरी काम करत होती, आणि नव्या वस्तूला तेच काम दिलंय.

बॉक्स हिलची सहल हा ‘एमा’चा गाभा. गरीब, बडबड्या, अविवाहित मिस बेट्सची एमा चारचौघांत थट्टा करते, आणि घरचा जुना स्नेही नाइटली तिला बाजूला घेऊन खडसावतो. थट्टा क्रूर ठरते ती शब्दांमुळे नाही. समोरची बाई उलटून बोलू शकत नाही म्हणून. ‘क्लूलेस’मध्ये सहल नाही, मिस बेट्स नाही. शेर घरकामाला असलेल्या लूसीला सहज म्हणून जाते की माळ्याशी तूच बोल, मला ‘मेक्सिकन’ येत नाही. लूसी दुखावून निघून जाते. जॉश (म्हणजे इथला नाइटली) सांगतो, ती एल साल्वाडोरची आहे. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग. म्हणून तुमच्या नायिकेच्या जगात उलट उत्तर न देऊ शकणारं माणूस कोण, ते आधी शोधा. सहलीचं ठिकाण मागाहून.

फ्रँक चर्चिलचंही तसंच. पुस्तकात तो एमाशी लाडीगोडी करतो ती जेनवर पांघरूण घालायला. सिनेमातल्या ख्रिश्चनला मुलींमध्ये रसच नाही. गुपित बदललं, काम तेच: नायिकेने खुणा चुकीच्या वाचायच्या. याची किंमत म्हणून जेन फेअरफॅक्स कथेतून गेली, आणि मला ती दर वेळी आठवते. आजवरच्या आधुनिक ‘एमां’मध्ये तिच्यावर कोणी नीट मेहनत घेतलेली मला दिसली नाही. कोणाला लिहायचं असेल तर मैदान मोकळं आहे.

वयाचंही बघून ठेवा. एमा एकविशीला टेकलेली, नाइटली सदतीस-अडतीसचा, आणि तिला तान्हेपणापासून ओळखणारा. हेकरलिंगने त्याला कॉलेजात घातला. तुम्हीही घाला.

बोलणारं कोण

ऑस्टिनचं अर्धं लिखाण कॅमेऱ्याला दिसत नाही. निवेदन पात्राच्या डोक्यात शिरतं, त्याच्याच शब्दांत बोलतं आणि त्याच वेळी त्याला हसतं. व्हॉइसओव्हर घातला की हे जमलं, असं समजणारे पुष्कळ आहेत. व्हॉइसओव्हर चुकीचा असेल तरच तो कामाचा. शेर जे सांगते आणि पडद्यावर जे दिसतं त्यात फट आहे, म्हणून हसू येतं. लिझीच्या व्हिडिओत तर डार्सी कितीतरी महिने दिसतच नाही. लिझी टोपी नि बो टाय चढवून त्याची नक्कल करते आणि आपण तोच खरा मानून चालतो. पूर्वग्रह या शब्दाचं इतकं साधं चित्र मी दुसरीकडे पाहिलं नाही. मग तो खरा माणूस एकदाचा चौकटीत येऊन बसतो आणि आपणच ओशाळतो.

उलट उदाहरण २०२२ चं ‘पर्स्वेजन’. पोशाख जुने, बोली आजची, आणि ॲन कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावत बोलते. कादंबरीत एक वाक्य आहे: ते दोघं आता परक्यांसारखे होते, परक्यांहूनही वाईट, कारण परके निदान ओळख करून घेऊ शकतात. सिनेमात त्याचं झालं, आम्ही आता ‘एक्स’हून वाईट आहोत, मित्र आहोत. या वाक्यावर बरीच टीका झाली. माझी तक्रार मात्र बोलीबद्दल नाही. ॲनचं सगळं दुःख हे की घरात तिचं कोणी ऐकत नाही. तिला तुम्ही पहिल्याच मिनिटाला लाखो श्रोते दिलेत, मग ती एकटी कुठे राहिली?

संवादांबद्दल थोडक्यात. चालू बोलीतले शब्द दोन वर्षांत शिळे होतात, बेतानेच वापरा. मराठीत लिहीत असाल तर एक हत्यार फुकट हाताशी आहे. लग्न ठरल्यावरही एमा म्हणते, तुम्हाला मी ‘मिस्टर नाइटली’ सोडून दुसरं काही म्हणूच शकणार नाही. इंग्रजीत आज हे अंतर दाखवायला लेखकाला घाम फुटतो. आपल्याकडे ‘तुम्ही’ आहे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठल्या सीनमध्ये होतं, कोणाच्या तोंडून आधी निसटतं, हे ठरवून ठेवा आणि तोवर हात आवरा.

गाव लहान ठेवा

खेड्यातली तीन-चार कुटुंबं, काम करायला एवढंच हवं, असं ऑस्टिनने आपल्या भाचीला पत्रात कळवलं होतं. महानगरात कथा पसरवलीत की ती विरघळते. नको असलेला माणूस दुसऱ्या दिवशी भेटलाच नाही पाहिजे, अशी सोय शहरात असते. शाळा चालते. ‘फायर आयलंड’मध्ये (२०२२) न्यूयॉर्कजवळच्या बेटावर समलिंगी मित्रांचा एक आठवडा आहे, आणि ज्या घरात ते दरवर्षी उतरतात ते विकलं जाणार आहे. बेट, आठवडा, जाणारं घर: झालं बेनेटांचं गाव लाँगबोर्न तयार. आणि तिथे माणसाचा भाव पैशाने, शरीराने नि वंशाने ठरतो, म्हणजे १०,००० विरुद्ध ४० चं गणितही आलं.

बॉलच्या जागी नुसती पार्टी ठेवू नका. त्या काळच्या शिष्टाचारानुसार बाईने एका पुरुषाला नाचायला नकार दिला की त्या रात्री इतरांबरोबरही नाचणं बरं दिसत नसे. म्हणजे नकाराला किंमत होती, आणि ती सगळ्यांसमोर मोजावी लागे. पार्टीत बाथरूमचं निमित्त काढून सटकता येतं. सटकता येणार नाही अशी जागा शोधा.

आता तो मेसेज

त्या नटाच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे कित्येक महिन्यांनी सापडलं, आणि सापडलं ते पुस्तकातच, अगदी शेवटाकडे. सगळं जुळल्यावर वेंटवर्थ ॲनला विचारतो: १८०८ साली मी परत आलो, हातात काही हजार पौंड होते, जहाज मिळालं होतं, तेव्हा मी तुला लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस? ती म्हणते, न देऊन काय! त्याने लिहिलं नाही कारण तो ताठ होता. स्वतःच कबूल करतो.

१८०६ मध्ये मोडलं, १८०८ मध्ये परत सुरू करता आलं असतं, आणि पुढची सहा वर्षं गेली ती निव्वळ हट्टापायी. टपाल चालू होतं. पत्ता ठाऊक होता. अडसर समुद्राचा कधीच नव्हता, आणि मी मात्र रेंज घालवून तो समुद्रात शोधत होते.

म्हणून आताच्या ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे तिचा नंबर आहे. तो तिच्या बहिणीने टाकलेले फोटो बघतो, तेही चोरून. ती कडेला उभी असते, कधी अर्धी कापलेली. एका वर्षी तिचा वाढदिवस फोनच त्याला आठवून देतो आणि तो ती सूचना बोटाने बाजूला सारतो. हा शॉट चार सेकंदांचा आहे, संवाद नाही. वाचणारं कोणी आता तो प्रश्न विचारत नाही.

पत्राने मात्र मला फार रडवलं. बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट या खाणावळीत ॲन खिडकीशी वेंटवर्थच्या मित्राशी, हारविलशी, बोलतेय, प्रेम जास्त काळ कोण जपतं, पुरुष की बाई. वेंटवर्थ त्याच खोलीत टेबलाशी लिहीत बसलाय, आणि तिचं ऐकता ऐकता दुसराच कागद पुढे ओढतो. आज खोलीच्या त्या टोकाला बसलेला माणूस मेसेज करेल, तिच्या हातात फोन वाजेल, आणि सीन तिथेच मरेल. मी चार तऱ्हा करून पाहिल्या, सगळ्या रद्दीत गेल्या. शेवटी परत पुस्तक उघडलं. हारविल तिला काय दाखवत असतो? बेनविक या दुसऱ्या मित्राचं छोटं चित्र, जे मेलेल्या वाग्दत्त वधूसाठी काढलं होतं आणि आता दुसरीसाठी चौकटीत बसवायचंय. त्या चौकटीच्या कामाचंच वेंटवर्थ लिहीत असतो.

आज ते चित्र कुठे असेल? फोनमध्ये. कोणाच्या? वेंटवर्थच्याच, कारण तो फोटो त्यानेच काढला होता. हारविल तो फोन मागून घेतो आणि ॲनला दाखवतो. ती बोलत राहते, फोन तिच्या हातात, पडदा मधूनमधून काळा होतो आणि ती बोटाने परत उजळवते. पलीकडे वेंटवर्थ खिसे चाचपतो. मग टेबलावरची फ्रेमवाल्याची पावती उलटी करतो आणि पेन मागतो.